नवा माग घ्यावा का? – "पैसे किती वर्षांत सुटतील" यापुढचं गणित

पालकसभा संपली की दोन-तीन पालक हमखास मागे थांबतात. कुणाला मुलाच्या अक्षराविषयी बोलायचं असतं, कुणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म. यावेळी पाचवीतल्या एका मुलाचे वडील थांबले. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "मॅडम, गणित तुमचं चांगलं आहे म्हणतो पोरगा. जरा हा हिशोब बघून देता काय?"

पूर्वभागात त्यांचे चार साधे यंत्रमाग आहेत. टॉवेल विणतात. त्यातले दोन काढून दोन रेपियर माग घ्यायचा विचार होता. कागदावर मांडलं होतं ते असं: मशीन बसवण्यासकट १२ लाख रुपये. जास्तीच्या उत्पादनातून महिना १२ हजार, एका कामगाराची मजुरी वाचेल ते ८ हजार, कांडी भरायची मजुरी वाचेल ते ६ हजार. यातून वाढीव वीज आणि देखभालीचे ६ हजार वजा. म्हणजे महिन्याला निव्वळ २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. खाली दोनदा अधोरेखित केलं होतं: "१२ भागिले २.४ = ५ वर्षं. मशीन ७ वर्षं चालेल. २ वर्षं फुकट."

(त्यांच्या कोटेशनचे खरे आकडे इथे देत नाही. हिशोब समजावा म्हणून गोल आकडे घेतलेत, मांडणी मात्र त्यांचीच आहे.)

माझं डीएड झालंय, मी काही सीए नाही. पण तो कागद घरी आणला, दोन रात्री त्याच्याशी झटापट केली. त्यातून जे समजलं ते शिक्षक आणि पालक दोघांच्याही उपयोगाचं वाटलं म्हणून लिहिते आहे. आपल्या भागात माग असेल, बोअर असेल, छतावरचं सोलर असेल, नाहीतर शाळेची झेरॉक्स मशीन असेल, सगळेजण हाच एक भागाकार करून निर्णय घेतात. भागाकार चुकीचा नसतो, अपुरा असतो.

त्यांनी केलेल्या भागाकाराला परतफेड कालावधी म्हणतात. घातलेली रक्कम किती दिवसांत मोकळी होते, एवढंच तो सांगतो. ज्याच्याकडे पैसा अडकून चालणार नाही त्याला ही माहिती लागतेच. पण या पद्धतीत पहिल्या वर्षाचे २ लाख ४० हजार आणि पाचव्या वर्षाचे २ लाख ४० हजार सारखेच धरले जातात. गोम इथेच आहे.

हे वर्गात किंवा पालकांना समजवायचं तर भिशीसारखं उदाहरण नाही. बारा जणी महिना हजार रुपये घालतात, दर महिन्याला एकीला १२ हजार मिळतात. रक्कम सगळ्यांना तेवढीच, तरी पहिली चिठ्ठी आपली निघावी असं प्रत्येकीला वाटतं. का? लवकर मिळालेला पैसा कामाला लावता येतो, कर्ज असेल तर त्याचं व्याज वाचतं. बोलीच्या भिशीत तर हे उघडच दिसतं. ज्याला गरज आहे तो "मला १० हजार ८०० च द्या, पण या महिन्यात द्या" म्हणतो. पुढे मिळणारे १२ हजार त्याला आजच्या १० हजार ८०० एवढे वाटतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला वर्तमान मूल्य म्हणतात ते आपल्या गल्लीतल्या बायका कधीपासून करत आल्यात, फक्त नाव ठेवलेलं नाही.

आता याचं गणित. आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो: आजचे १,००० रुपये १२ टक्क्यांनी वर्षाने १,१२० होतात. हेच उलटं करायचं. वर्षाने मिळणारे १,००० म्हणजे आजचे किती? १,००० भागिले १.१२, म्हणजे ८९३. दोन वर्षांनी मिळणारे असतील तर पुन्हा १.१२ ने भागायचं, ७९७. असंच पुढे ७१२, ६३६, ५६७, ५०७ आणि सातव्या वर्षाचे ४५२. म्हणजे १२ टक्के व्याजाच्या जगात सातव्या वर्षीचा हजार रुपया आज अर्ध्याहूनही कमी आहे. ही सात ओळींची सारणी मुलं कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत करतात आणि शेवटच्या आकड्यावर हटकून "मॅडम, चुकलं काय?" विचारतात.

या सात आकड्यांची बेरीज ४,५६४. याचा अर्थ, सात वर्षं दरवर्षी १,००० रुपये मिळणार असतील तर त्यांची आजची किंमत ४,५६४ रुपये. आपल्या मागाला दरवर्षी २ लाख ४० हजार मिळणार आहेत, म्हणून २४० ने गुणलं: सुमारे १० लाख ९५ हजार. सात वर्षांनी मशीन भंगारात १ लाखाला जाईल असं धरलं तर त्याचे आजचे ४५ हजार. एकूण ११ लाख ४० हजार. आणि आज घालायचे आहेत १२ लाख.

म्हणजे जिथे "२ वर्षं फुकट" लिहिलं होतं, तिथे प्रत्यक्षात सुमारे ६० हजारांचा तोटा आहे. या फरकाला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. ते शून्याच्या वर असेल तर व्याज भागवून काही शिल्लक राहतं, खाली असेल तर बँकेत पैसे ठेवलेले किंवा कर्ज न काढलेलं बरं.

इथे एक चूक बहुतेक जण करतात, त्या पालकांच्या कागदावरही एका कोपऱ्यात ती होती. १२ टक्क्यांनी भागल्यावर कर्जाचं व्याज पुन्हा खर्चात धरायचं नाही, ते त्या भागाकारात आलेलंच आहे. घसाराही वजा करायचा नाही, कारण मशीनची पूर्ण किंमत आपण पहिल्याच दिवशी मोजली. (करात घसाऱ्याची सूट मिळते तो वेगळा विषय.) आणि मोबाईलवर एक्सेल वापरणाऱ्यांसाठी: त्यातलं एनपीव्हीचं सूत्र पहिली रक्कम वर्षअखेरीची समजतं. म्हणून सुरुवातीचे १२ लाख सूत्राच्या बाहेर ठेवून वेगळे वजा करावेत. मी पहिल्या रात्री इथेच फसले होते.

दुसरा मार्ग त्यांच्या मनातही नव्हता, जॉबरने सुचवला होता. माग काढायचेच नाहीत, आहेत त्यांनाच सुधारायचं. उभा-आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, नायलॉनचे सुटे भाग असं बरंच काही साध्या मागावर बसवता येतं. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत या कामाला अनुदानही होतं. अनुदान बाजूला ठेवून हिशोब केला. चार मागांना मिळून २ लाख खर्च, खराब माल कमी झाल्याने वर्षाला ६० हजारांचा फायदा, पाच वर्षं टिकेल. परतफेड ३ वर्षं ४ महिने. वर्तमान मूल्य २ लाख १६ हजार, म्हणजे व्याज भागून १६ हजार शिल्लक.

बाराच्या दराने निर्णय सरळ दिसतो: माग सुधारा, रेपियर नको.

आता दर बदलून बघू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कोणत्या व्याजदराला शिल्लक बरोबर शून्य होते, ते शोधता येतं. रेपियरसाठी १० टक्क्यांना सुमारे २० हजार शिल्लक राहते, ११ टक्क्यांना सुमारे २१ हजार तोटा. म्हणजे शून्य साडेदहाच्या आसपास. हा अंतर्गत परतावा दर. मागसुधारणेचा तोच दर १५ टक्क्यांच्या थोडा वर येतो. अर्थ सोपा आहे: साडेदहापेक्षा स्वस्त कर्ज मिळालं तरच रेपियर परवडतो.

यामुळे मला एक जुनी गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. १ एप्रिल १९९९ पासून केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली, आपल्याकडे सगळे तिला टफ म्हणतात. त्यात ठरावीक मशीनच्या कर्जावरच्या व्याजातले ५ टक्के सरकार परत करायचं. आपल्या उदाहरणात बाराचे सात झाले. सात टक्क्यांनी तोच रेपियर पुन्हा मोजा: वर्तमान मूल्य साधारण १३ लाख ५६ हजार, शिल्लक १ लाख ५६ हजार. मशीन तेच, माल तोच, फक्त दर बदलला आणि उत्तर "नको"चं "घ्या" झालं.

याच सात टक्क्यांना मागसुधारणेची शिल्लक ४६ हजार येते. आता कोणतं चांगलं? परताव्याचा दर बघितला तर मागसुधारणा (१५ विरुद्ध साडेदहा). उरणारे रुपये बघितले तर रेपियर. दोन पद्धती भांडतात तेव्हा काय करायचं, हे मी पुस्तकात शोधलं आणि पटलंही. दर हा टक्का आहे, टक्क्याने पोट भरत नाही. दहा रुपयांवर पन्नास टक्के नफा म्हणजे पाचच रुपये. दोन्हींपैकी एकच करता येणार असेल तर उरणारी रक्कम बघावी. एकाचं आयुष्य सात वर्षं, दुसऱ्याचं पाच, म्हणून तीही वर्षावर वाटून घ्यावी. सातच्या दराने रेपियरला वर्षाला सुमारे २९ हजार पडतात, सुधारणेला ११ हजार. तरीही रेपियरच पुढे. तेही कर्ज तेवढं मिळत असेल आणि फेडायची धमक असेल तर.

टफच्या व्याजसवलतीची जागा पुढे बदलली. २०१६ च्या सुधारित योजनेत व्याजाऐवजी भांडवली अनुदान आलं, विणकामाच्या नव्या शटललेस मागांना किमतीच्या १० टक्के. ती योजना ३१ मार्च २०२२ ला संपली. १२ लाखांवर १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. ते पहिल्याच दिवशी हातात आले असते तर बाराच्या दरानेही आपला ६० हजारांचा तोटा ६० हजारांच्या फायद्यात गेला असता. तेच अनुदान तीन वर्षांनी खात्यात आलं तर त्याची आजची किंमत ८५ हजार, फायदा २६ हजारांवर येतो. म्हणून अनुदानाची रक्कम विचारताना ती कधी मिळते तेही विचारायचं. कोणत्याही योजनेत.

ही सगळी आकडेमोड घेऊन मी त्यांना भेटले. कागद बघून ते हसले, "म्हंजे घेऊ नको म्हणता?"

मी म्हटलं, तसं नाही. हिशोब उलटा करून बघितलाय. बाराच्या दराने तोटा होऊ नये म्हणून वर्षाला २ लाख ५३ हजार मिळायला हवेत. तुमच्या कागदावर २ लाख ४० हजार आहेत. फरक १३ हजारांचा, म्हणजे महिन्याला अकराशे रुपये. सूत जरा स्वस्त झालं तरी हे गणित पास, जरा महागलं तरी नापास. मग मी विचारलं, तुमचा माग बारा महिने चालतो का?

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग बोटावर मोजलं. दिवाळीनंतरचे आठ-पंधरा दिवस, यात्रेला कामगार गावी जातात ते, सुताचा भाव चढल्यावर व्यापारी "थांब जरा" म्हणतात ते. "दहा महिने धरा की." दहा महिने म्हणजे वर्षाला २ लाख. बाराच्या दराने तोटा २ लाख ४२ हजारांवर गेला. सातच्या दरानेही जवळपास ६० हजारांचा तोटा. स्वस्त व्याजही वाचवू शकत नाही, कारण बंद मशीन पैसा मिळवत नाही आणि व्याज काही सुट्टी घेत नाही.

मला वाटतं सगळ्यात उपयोगाचा भाग हाच. सूत्रं अचूक असतात, पण त्यात घातलेला "वर्षाला किती" हा आकडा आपल्या आशेतून आलेला असतो. म्हणून एकच उत्तर काढून थांबू नये. दहा महिन्यांचं काढावं, बाराचं काढावं, सूत महागल्यावरचं काढावं.

अजून एक अडचण त्यांच्या बोलण्यात होती. "हे माग वडिलांनी घेतलेत, तेव्हा केवढे पैसे गेले, ते भंगारात कसं टाकायचं?" हे ऐकून मला कसंतरीच झालं, कारण आपल्या शहरात मागाची मोडतोड वजनावर विकलेली सगळ्यांनी पाहिली आहे. पण हिशोबात वडिलांनी मोजलेली किंमत येत नाही. ती बुडीत खर्चात गेली, माग ठेवला काय नि विकला काय, परत येत नाही. आज विकून काय मिळेल तेवढंच मोजायचं. मन मानत नाही हे मलाही कळतं.

सोलापूरला हे नवं नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, आपण तिला जुनी मिल म्हणतो. १९४९ मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घ्यावा लागला. त्या कायद्यात कारण दिलं होतं ते गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्षाचं, आणि त्यातून झालेल्या बेकारीचं. मालकांनी आक्षेप घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आजही कायद्याचे विद्यार्थी ते खटले अभ्यासतात. एका गिरणीचा तोटा हा फक्त भागधारकांचा राहत नाही, हे त्या वटहुकुमातच मान्य केलेलं होतं.

तिथूनच मी त्या कागदावरच्या एका ओळीकडे परत आले. कांडी मजुरी वाचली, ६ हजार.

रेपियरमध्ये धोटा नसतो. आडवा धागा थेट कोनवरून येतो, म्हणून कांडी भरायचं कामच उरत नाही. कारखानदाराच्या हिशोबात ही बचत आहे आणि ती बरोबरच धरली होती. वर्षाचे ७२ हजार, एकूण फायद्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. पण त्यांच्या शेडमध्ये कांडी भरायला येणारी बाई माझ्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीची आई आहे. ते ७२ हजार तिच्या घरातून जाणार आहेत.

मालकाचा हिशोब आणि समाजाचा हिशोब वेगळा निघतो तो इथे. सरकारी प्रकल्पांना लाभ-खर्च गुणोत्तर लावतात तेव्हा लाभ कुणाचा, खर्च कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास केला, तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर न थांबता शेतकरी, मजूर, व्यापार यांना झालेले प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदे मोजायचा प्रयत्न होता. आजही पाटबंधारे प्रकल्पाला साधारण दीडचं गुणोत्तर लागतं, अवर्षणप्रवण भागात मात्र एकवर चालतं. आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात पाण्याची किंमत फक्त रुपयात धरायची नाही, असं ठरवूनच हा निकष सैल केलेला आहे. (आपल्या रेपियरचं गुणोत्तर बाराच्या दराने ०.९५, मागसुधारणेचं १.०८. एकाच्या खाली म्हणजे तोटा, वेगळं काही नाही.)

कांडीच्या ६ हजारांचं समाजाच्या हिशोबात काय होतं? त्या बाईला दुसरीकडे तेवढ्याच मजुरीचं काम लागलं तर ती खरी बचत, कारण तिचे हात दुसरं काही बनवायला मोकळे झाले. नाही लागलं तर पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्यात गेला, नवं काही निर्माण झालं नाही. मालकाला मात्र दोन्ही वेळा तेवढाच फायदा दिसतो. त्यांच्याशी हे बोलायचं की नाही, मी जरा विचारात होते. बोलले. ते म्हणाले, "मॅडम, मी नाही घेतला तर शेजारचा घेतो. मग त्याचा टॉवेल स्वस्त, माझे चारही माग बंद. तवा कांडीवाली तरी कुठं राहते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा मुद्दा हिशोबातही बसतो. "काहीच केलं नाही" याची किंमत आपण शून्य धरतो, पण शेजारी बदलत असताना तीही दरवर्षी वाढत असते. मी तुलना "आज आहे तसं चालू राहील" याच्याशी केली होती. ती "तीन वर्षांनी ऑर्डर निम्म्यावर आल्यात" याच्याशी केली तर रेपियरचे आकडे वेगळे दिसतील. किती वेगळे, हे त्यांनाच बाजारात विचारून आणावं लागेल, ते माझ्या वहीत सापडणार नाही.

सध्या त्यांनी दोन मागांवर धागा तुटल्यावर थांबवणारी यंत्रणा बसवायला दिली आहे. रेपियरचं कोटेशन ठेवलंय, फेकलेलं नाही. दोन व्यापाऱ्यांकडून वर्षाच्या ऑर्डरबद्दल काय शब्द मिळतो ते बघून दिवाळीनंतर पुन्हा कागद घेऊन येतो म्हणालेत. यावेळी दहा महिन्यांचाच मांडून आणणार आहेत.